मागच्या डाव्या चाकाची चौकशी

सावली, जि. चंद्रपूर
दि. १५ नोव्हेंबर

आदरणीय व्याही ताराचंदजी यांस,

बापूराव मेश्रामचा मनापासून जयभीम. आपली शुगर आता जेवणाआधी किती आणि जेवणानंतर किती येते ते कळवावे. सौ. विहीणबाईंच्या उजव्या गुडघ्याला लिंबाच्या पाल्याचा शेक लागू पडला की नाही, तेही कळवावे. आपला चि. आयुष आणि आमची संघप्रिया यांचा रविवारी पुण्याहून फोन आला होता, दोघेही मजेत आहेत. इकडे अंजना बरी आहे, मी बरा आहे, धान कापून बांधीतून खळ्यावर आले आहे, आणि एक गाडी सोडली तर कोणाचीच तब्येत तक्रार करण्याजोगी नाही.

या काळात पत्र कोण लिहितो, असे आपल्याला वाटेल. पण ताराचंदजी, मी फोन केला की आपण "हां बोला व्याहीबुवा" म्हणता आणि तिसऱ्या वाक्याला फोन विहीणबाईंच्या हातात देता. (ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.) आणि आज मला जे सांगायचे आहे ते विहीणबाईंच्या कानावर माझ्या तोंडून पुन्हा जावे, अशी माझी हिंमत नाही. तेव्हा हे पत्र आपण एकट्याने वाचावे, शक्यतो बाल्कनीत.

आपण राजुरा सोडून नागपूरच्या फ्लॅटमध्ये गेलात तेव्हा खाली गाडी लावायला जागा नाही म्हणून आपली ती दोन हजार आठ सालची, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी जपानी गाडी आपण मोठ्या मनाने मला दिलीत. खाणीच्या चिखलातून ती कशी बाहेर यायची, ते आपण मला किल्ली देताना तीन वेळा सांगितले होते. मी पस्तीस वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून मोटारसायकलवर हिंडलेला माणूस. चार चाके आणि चारही कामाची, हा थाट मला नवा होता. गाडी मी लेकरासारखी ठेवली. दर रविवारी धुतली. पण मी धुवायचो ते दिसेल तेवढेच, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

जून महिन्यात मागच्या डाव्या चाकाला खिळा लागला म्हणून ते सुनिलच्या दुकानात नेले. (सुनिल म्हणजे इथला पंक्चरवाला, त्याचा बाप माझ्याकडे म्हशीचे औषध न्यायला येत असे.) सुनिलने टायर उताणा केला आणि मला हाक मारली. बाहेरची कड नवीकोरी, नक्षी इतकी खोल की करंगळीचे नख बुडावे. आणि गाडीच्या पोटाकडची कड मात्र गुळगुळीत, चंद्रपूरच्या उन्हात सोललेल्या माणसाच्या टाळूसारखी. एके ठिकाणी तर आतली तार दोऱ्यासारखी बाहेर आलेली. उभ्या माणसाला हे दिसत नाही. त्यासाठी आडवे व्हावे लागते. म्हणून बाकीची तीन चाके पाहायला मी घरी येऊन अंगणात गाडीखाली आडवा झालो. मी तिकडे टॉर्च तोंडात धरून आतल्या कडा पाहत असताना समोरच्या बिरजूच्या आईने माझे फक्त पाय पाहिले आणि "बापूरावले गाडीनं दाबलं वो!" अशी आरोळी ठोकली. मी बाहेर येईपर्यंत अंगणात अकरा माणसे, दोन तांबे पाणी आणि नाकाला लावायला एक कांदा जमला होता. मी सुखरूप आहे हे पाहून काहींची थोडी निराशाच झाली. पण एवढे कळले की बाकीची तीन चाके सारखी झिजली होती. कड खाल्ली होती ती एकट्या मागच्या डाव्याची.

जमलेली माणसे रिकामी जाणार कशी? प्रत्येकाने एकेक कारण ठेवूनच पाऊल उचलले. बिरजू (हा ट्रॅक्टर चालवतो, त्यामुळे स्वतःला अर्धा इंजिनियर समजतो) म्हणाला हवा कमी आहे. मी त्याला सांगितले की हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतील, जास्त असेल तर मधला भाग झिजेल. हे मी पुस्तिकेत वाचले आहे. त्यावर तो म्हणाला, "पुस्तक जपानात लिवलं, साहेब. आपली हवा अलग हाये." सुनिलचे म्हणणे पडले की चाकाची दिशा वाकडी झाली आहे, चंद्रपूरला जाऊन कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करून आणा.

गेलो. चंद्रपूरच्या एका दुकानात (नाव लिहीत नाही, माणूस सज्जन होता) चारही चाकांना काचेच्या तबकड्या बांधल्या आणि पडद्यावर आकडे आले. पुढचे दोन हिरवे, मागचा उजवा हिरवा, मागचा डावा लालभडक. मी आनंदाने म्हटले, सापडला! दुकानदार पुढच्या हिरव्या आकड्यांना आणखी हिरवे करीत राहिला. मी लालकडे बोट दाखवले. तो म्हणाला, "मागचं आपल्या इथी होत नाई." मी विचारले, मग दाखवता काऊन? म्हणाला, "मशीन दाखवते, आमी नाई दाखवत." मला माझ्या नोकरीची आठवण झाली. तालुक्याच्या बैठकीत मीही कितीतरी लाल आकडे असेच दाखवून परत आणले आहेत. मी त्याला नमस्कार केला, शेजारच्या दुकानातून एक नवा टायर घेतला, मागच्या डाव्या बाजूला चढवला आणि प्रकरण मिटले असे समजून घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून गाडी वळताना उड्या मारू लागली. सरळ रस्त्यावर शहाणी; पण अंगणात शिरायला पूर्ण स्टिअरिंग फिरवले की खालून कट्‌कट् आवाज आणि गाडी अडखळत, हिसके देत वळायची, नाकात वेसण ओढल्यासारखी. आणि महिन्याभराने आडवा होऊन पाहतो (या वेळी बिरजूच्या आईला आधी सांगून) तर नव्या टायरचीही आतली कड उतरायला लागलेली! ताराचंदजी, त्या दिवशी मी जेवलो नाही. टायर बदलला तरी रोग तोच, म्हणजे रोग टायरचा नाही. मग या कोपऱ्यातच असे वेगळे काय आहे? मी तिथेच जमिनीवर पडून वर पाहिले आणि मला उत्तर दिसले. मागच्या डाव्या चाकाच्या बरोब्बर वर अंजनाची जागा आहे.

(येथून पुढचा मजकूर मी एका शास्त्रज्ञाच्या भूमिकेतून लिहीत आहे, नवऱ्याच्या नव्हे, हे कृपया ध्यानात असू द्यावे.)

अंजना पुढे बसत नाही. मी ब्रेक मारतो तेव्हा तिचाही पाय आपोआप दाबला जातो आणि घोटा दुखतो, असे तिचे म्हणणे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती मागे, डावीकडे. मी तिला अत्यंत सौम्य शब्दांत सुचवले की पंधरा दिवस उजवीकडे बसून पाहावे. तिने कारण विचारले. मी "समतोल" एवढाच शब्द उच्चारला. ती उजवीकडे बसली. पण मी वहीत तारीख, किलोमीटर आणि "उजवी बाजू" अशी नोंद करू लागलो तेव्हा तिने ती वही पाहिली. त्यानंतर तीन दिवस घरात भाजीला मीठ नव्हते.

अशा नाजूक वेळी ऑक्टोबरात विहीणबाई आमच्याकडे चार दिवस आल्या. त्यांना वाघ पाहायचा होता. इतकी वर्षे राजुऱ्यात काढून वाघ पाहिला नाही, असे त्या म्हणाल्या. (आपण नेहमी "पुढच्या हिवाळ्यात" म्हणायचात, असेही म्हणाल्या.) मी मोहर्लीच्या गेटची दुपारची सफारी ठरवली. दोघी मागे बसणार हे उघड होते. प्रश्न होता, डावीकडे कोण? चाक आधीच अर्धमेले. त्यावर दोघींपैकी हलकी व्यक्ती बसली तर ते मोहर्ली गाठेल, एवढाच माझा शुद्ध हेतू. आणि रस्त्यात कोलूची धान गिरणी लागते. गिरणीत मोठा काटा आहे.

मी गाडी थांबवली. म्हटले, सहज, गंमत म्हणून, दोघी जरा या काट्यावर उभ्या राहता का? विहीणबाईंना ती खरेच गंमत वाटली. त्या हसत उभ्या राहिल्या. पण कोलू हा पंचवीस वर्षे पोती मोजत आलेला माणूस. तो वजन मनात ठेवू शकत नाही. त्याने नेहमीच्या खणखणीत आवाजात आकडा पुकारला. गिरणीत त्या दिवशी वीस-बावीस शेतकरी होते. मी घाईने वहीत लिहिले. आणि मग कोलूने, सवयीनेच हो, वाईट हेतू काहीच नव्हता, मला विचारले, "साहेब, ओलाव्याची कट धरू काय?"

ताराचंदजी, ओल्या धानाच्या पोत्यामागे जे किलो वजा करतात, ती ही कट. विहीणबाई काट्यावरून उतरल्या, पदर सावरला आणि गाडीत जाऊन बसल्या. डावीकडेच बसल्या. अंजना काट्यावर चढलीच नाही. म्हणजे प्रयोग अर्धाच राहिला.

मूल गाव मागे पडले, चंद्रपूर गेले, मोहर्लीचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना सागवान आणि बांबू. मी दोन-तीन वेळा "हे बघा चितळ" म्हटले. मागे दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. गेट पाच-सहा किलोमीटर राहिले असेल तेव्हा मागून डावीकडून धाड् असा आवाज झाला, गाडी एका बाजूला बसली आणि लंगडत थांबली. थांबली ती नेमकी एका पाटीसमोर. पाटीवर वाघाचे चित्र आणि खाली लिहिलेले: वाहनातून खाली उतरू नये.

आता मला सांगा, माणसाने काय करावे? चाक बदलायचे तर उतरावे लागते. उतरायचे नाही असा नियम आहे. मी पस्तीस वर्षांत एकही नियम मोडलेला नाही. मी काच वर केली आणि बसून राहिलो. पंधरा मिनिटे गेली. पर्यटकांची एक जिप्सी आली, त्यांनी आमचे फोटो काढले आणि गेली. मग अश्विन नावाचा एक वनरक्षक मोटारसायकलवर आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "काका, इथी गाडी उभी करता येत नाई, काढा." मी पाटीकडे बोट दाखवून म्हटले की उतरल्याशिवाय निघत नाही. त्याने पाटी वाचली, चाक पाहिले, पुन्हा पाटी वाचली. तो आणि मी दोघेही विचारात पडलो. सरकारी माणसाची अडचण सरकारी माणसालाच कळते.

तेवढ्यात मागचे दार उघडले. विहीणबाई खाली उतरल्या, डिकी उघडली, गालिचा उचलला आणि त्याखालून जॅक काढला. (जॅक तिथे असतो हे मला ठाऊक नव्हते, मी वर्षभर तो सीटखाली शोधत होतो.) मी म्हटले, विहीणबाई, वाघ! त्या म्हणाल्या, "वाघ आला तं त्याचंबी वजन करा." आणि त्यांनी पदर खोचून नट ढिले केले. आधी ढिले, मग जॅक. उलट केले की चाक फिरते म्हणाल्या. राजुऱ्यात आपण ड्युटीवर असताना त्या किती वेळा चाक बदलत होत्या, हे आपण मला कधी सांगितले नाहीत. अश्विनने मोटारसायकलचा हॉर्न वाजवत पहारा दिला. अंजनाने नट पदरात धरले. मी पाना हातात घेऊन जंगलाकडे तोंड करून उभा होतो, आणि कोणी काही म्हणो, त्याचाही उपयोग झालाच असेल. स्टेपनी बसली. पण सफारीची वेळ टळून गेली होती. गेटवरून परत फिरलो. स्टेपनीवर गाडी वळताना आणखीच जोरात कटकटत होती.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई नागपूरला निघाल्या. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. मला "येतो" एवढेच म्हणाल्या. बसस्टँडवर मात्र त्या आणि अंजना अर्धा तास एकमेकींच्या कानाला लागून बोलत होत्या. मी दूर पिशवी धरून उभा. त्यांचे खांदे थरथरत होते. त्या रडत होत्या की रागाने कापत होत्या, हे मला लांबून ओळखता आले नाही.

आता शोध कसा लागला ते सांगतो, म्हणजे माझा हेतू शुद्ध होता याची आपल्याला खात्री पटेल. फुटलेला टायर मी डिकीत घेऊन बाजाराच्या दिवशी सुनिलकडे निघालो. वाटेत चिंचेखाली वारलू बसला होता. वारलू हा नालबंद, बैलांच्या खुरांना नाल मारतो. वय पंचाहत्तर तरी असेल. मी नोकरीत असताना आमचे फारसे जमले नाही. लंगडा बैल आला की मी खुरात औषध भरायचो आणि तो म्हणायचा, साहेब कागद बरा लिवतात. त्याने हाक मारली म्हणून थांबलो. टायर पाहून त्याने तो मांडीवर घेतला, अगदी खूर घ्यावा तसा, आणि नक्षीवरून तळहात फिरवला. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. मग माझा हात धरून तसाच फिरवला. एका बाजूने हात सुळकन सरकत होता. उलट फिरवला की करवतीसारखा अडकत होता.

"हे चाक सरळ चालत नाई, साहेब," तो म्हणाला. "घासटत चालते. तोंड एकीकडं, चाल दुसरीकडं. खूर आतून झिजला तं आमी खुराले नाई पाहत. खुब्याले पाहतो."

मी म्हटले, वारलू, गाडीला खुबा नसतो. तो म्हणाला, "मंग चाक कायले लटकवलं हाये?"

मी त्याला गाडीत घालून घरी आणले. बिरजूने ट्रॅक्टरचा जॅक लावून मागची डावी बाजू उचलली. वारलू खाली बसला, चाकाखाली सब्बल (पहार) घातली आणि हलकेच वर केली. ताराचंदजी, चाक हलले! हवेत लोंबकळणारे चाक दातासारखे हलले. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या सांध्यात रबराचा बुश असतो. तो बुश चिरून, कुस्करून, शिळ्या भाकरीसारखा झाला होता, आणि हातही थोडा वाकलेला दिसत होता. गाडी उभी असताना चाक दिसायला ठीक. चालू लागली की ते आत कलायचे आणि तिरके घासत जायचे. म्हणून फक्त आतली कड. म्हणून नवा टायरही तसाच. मी तिथेच मांडी घालून बसलो. पस्तीस वर्षे मी बैलांच्या खुरात औषध भरत आलो, त्यातले किती बैल खुब्याने लंगडत होते कोण जाणे.

पण उड्या का मारते, हे राहिलेच होते. तेही वारलूनेच सांगितले, सुतळीने. स्टेपनीच्या कोऱ्या टायरभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारली, मग तीच सुतळी बाकीच्या तिघांभोवती धरली. प्रत्येक वेळी दोन बोटे उरली. म्हणाला, "एक बैल उंच अन् एक ठेंगणा, असी जोडी कोणी जुपते काय? दोघाईच्या बी माना सोलतात." दुसऱ्या एखाद्या गाडीला हे चाललेही असते. पण आपल्या गाडीची चारही चाके आतून एकमेकांना जखडलेली; तीन झिजलेली आणि एक कोरे असले की एक चाक कमी फेरे घेते, बाकीची जास्त, आणि सगळा ताण मधल्या सांध्यावर येतो. म्हणजे नवा टायर घालून मी औषध दिले नव्हते, दुसरा रोग लावला होता. हे सगळे पुस्तिकेच्या एकशे बाराव्या पानावर लिहिलेले आहे. मी एकशे दहापर्यंत वाचली होती.

आता गाडी अंगणात विटांवर उभी आहे. बुश आणि तो हात चंद्रपूरहून मागवला आहे, चार सारखे टायर यायचे आहेत. वारलू रोज येतो, सब्बल घालून बघतो, चहा पिऊन जातो. एकूण निष्कर्ष असा की विहीणबाईंच्या वजनाचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता. काडीचाही नाही. हे मी लिहून देतो. माझी त्यांच्याशी बोलण्याची छाती नाही. आपण योग्य वेळ पाहून (जेवण झाल्यावर, मालिका संपल्यावर) त्यांच्या कानावर घालावे, आणि त्यांनी मला क्षमा केली की नाही ते दोन ओळींत कळवावे. तोवर मला अन्न गोड लागत नाही.

आपला नम्र,
बापूराव मेश्राम
(निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)

ता. क. एक माहिती विचारायची राहिली, आणि खरे म्हणजे तेवढ्यासाठीच पत्र काढले. लोखंडी हात आपोआप वाकत नाही. राजुऱ्यात असताना ही गाडी कधी खड्ड्यात गेली होती काय, किंवा मागचे डावे चाक कशावर आदळले होते काय? आरोप नाही, ताराचंदजी. केवळ चौकशी पूर्ण व्हावी म्हणून. शक्य असल्यास अंदाजे तारीख द्यावी.

ता. क. २. कोलूच्या गिरणीतला आकडा मी वहीतून खोडला आहे. पान फाडले आहे. आपण विचारलात तरी मला तो आता आठवत नाही.

ताराचंदभाऊ, जयभीम. मी अंजना. पाकीट चिकटवाले माह्याजवळ देलं मनून हे खाली लिवून राह्यली. त्याईले सांगू नका.

गाडी तुमच्या हातानं नाई आदळली. होळीच्या दोन दिवस आधी आमी गावातल्या रंभाबाईच्या घरून निघालो, ह्याईनं गाडी मागं घेतली, अन् मोरीच्या दगडावर मागचं डावं चाक असं आदळलं का माह्या कानातलं खाली पडलं. उतरून पाह्यलं, "काई नाई झालं" म्हणाले, अन् घरी येईस्तवर इसरले. जूनमधी टायर घासला तवाच मले समजलं होतं का कायनं घासला.

बोलली काऊन नाई, ते सांगतो. रिटायर झाले तवापासून हा माणूस दीड वर्स खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता भाऊ. पेपर वाचे, मंग तोच पेपर पुन्हा वाचे. जेवताना बोले नाई. मी संघप्रियाले बी नाई सांगितलं, तिचा जीव लागून राह्यला असता. टायर घासला अन् हा माणूस उठला. चंद्रपूरले गेला, सुनिलकडं गेला, बिरजूशी भांडला. वारलूसंग तं आता चहा पेते. मनून मी गप राह्यली. उजवीकडं बस म्हणाले, बसली. काट्यावर मात्र नाई चढली.

तुमच्या घरच्या कौसल्याताईले मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या रागावल्या नाईत. बसस्टँडवर आमी हासून राह्यलो होतो, ओलाव्याची कट आठवून. त्या एक दिवस आधी निघाल्या त्या बी भाचीच्या साखरपुड्यासाठी. पुढच्या महिन्यात आमी दोघी एसटीनं मोहर्लीले जाऊन राह्यलो, बुकिंग झालं. तुमाले ताई सांगतीनच.

एक काम करा भाऊ. बुश आला का गाडी आठ दिवसात नीट होईन. मंग हे पुन्हा खाटेवर. मनून तुमी उत्तर लिवसान तवा एवढं लिवा का आमच्या वेळेस पुढच्या उजव्या चाकातून बी कसला तरी आवाज येत होता, तो एकडाव पाहून घ्या. येत नसन तरी लिवा. कसला आवाज, ते तुमीच ठरवा; पण जरा न सापडणारा ठरवा.